नागपूर ते हरिहरेश्वर, मे महिना, सहा माणसं: पहिल्या दिवशी गाडी कुठवर न्यावी?

कूलरची_टाकी (प्रश्न)

मेच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरहून हरिहरेश्वरला जायचं आहे. आम्ही दोघं, आई-बाबा (बाबा 71 वर्षांचे, मधुमेह आणि बीपी, इन्सुलिन चालू; आईचे गुडघे दुखतात), मुलगी 11 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा. गाडी सात सीटची, पेट्रोल, टाकी 45 लिटरची. टायर मूळचेच आहेत. गाडी 2019 ची आहे, पण फक्त 38 हजार किमी चालली आहे, त्यामुळे टायरची नक्षी चांगली दिसते. गाडी आम्ही दोघंही चालवतो.

समृद्धी महामार्गानं जायचं हे पक्कं. प्रश्न पहिल्या दिवसाचा आहे. एक बेत असा की रात्री 10 ला निघून सकाळी भिवंडी पार करायची, म्हणजे ऊन लागणार नाही. दुसरा, पहाटे निघून शिर्डी, नाशिक किंवा इगतपुरीला मुक्काम. घरात दोन तट पडले आहेत. शिवाय शेजारचे काका म्हणतात, उन्हाळ्यात टायरमध्ये हवा दोन-तीन पॉइंट कमी ठेवा, नाहीतर समृद्धीवर फुटतात. हे खरं का?

घाटमाथा

रात्रीचा बेत सोडून द्या. ऊन टाळायचा विचार बरोबर आहे, पण त्यासाठी निवडलेली वेळ चुकली. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी सामानाची बांधाबांध आणि मग रात्री 10 ला स्टिअरिंग, म्हणजे रात्री 2 वाजेपर्यंत चालवणारा माणूस 20 तास जागा असतो. समृद्धीवर वळणं नाहीत, सिग्नल नाहीत, गावं नाहीत. काँक्रीटचा एकसुरी आवाज आणि दिव्यांच्या उजेडात तीच पांढरी पट्टी. घाटात डुलकी लागत नाही कारण हात-पाय कामात असतात. इथे ते मोकळे असतात. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि 25 जण गेले, ती वेळही मध्यरात्रीनंतरचीच होती. ताशी 120 ला गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. दोन सेकंदांची डुलकी म्हणजे 66 मीटर.

पहाटे निघा आणि दुपारी बाराच्या सुमारास खोलीत असा. मेमधल्या विदर्भ-मराठवाड्याचा पहिला दिवस किलोमीटरवर नाही, घड्याळावर आखायचा. अंतरं अशी: नागपूरकडच्या शिवमडक्याच्या टोकापासून शिर्डी 520 किमी, इगतपुरी 625, आणि भिवंडीजवळचं शेवटचं टोक आमणे 701. मध्ये जालना साडेतीनशेच्या थोडं पुढे आणि संभाजीनगर सव्वाचारशे ते साडेचारशेच्या दरम्यान.

आता हिशोब. काटा 100 वर ठेवलात तरी प्रत्यक्ष सरासरी 90-95 पडते. शिवमडक्याला पहाटे 5 ला चढायचं, म्हणजे घरून सव्वाचार-साडेचारला निघायचं. मेमध्ये साडेपाचच्या पुढे-मागे सूर्य उगवतो, त्यामुळे अंधारात जेमतेम अर्धा तास जातो. पावणेसातला कारंजाच्या भागात पहिला थांबा, 20 मिनिटं. साडेआठच्या आत मेहकरच्या आसपास दुसरा, इथे नीट नाश्ता, 35 मिनिटं. दहाला जालना, पेट्रोल, स्वच्छतागृह आणि चालक बदल. बारा-सव्वाबाराला शिर्डी. इगतपुरी केलीत तर आणखी 105 किमी, म्हणजे एक थांबा धरून पावणेदोन. तेवढ्यात दिवसातली सगळ्यात तापलेली वेळ गाठलेली असते, आणि तुम्ही पश्चिमेला जात असल्यामुळे उशीर झाला तर ऊन समोरून डोळ्यांत येतं. सकाळी ते पाठीशी असतं.

कारंजाच्या अलीकडे-पलीकडे पहाटे जरा सावध. हा पट्टा कारंजा-सोहोळ अभयारण्यातून जातो. प्राण्यांसाठी वाटा बांधल्या आहेत, कुंपणही आहे, तरी नीलगाय आणि रानडुक्कर रस्त्यावर येतात. उजाडेपर्यंत 80-90 च्या वर जाऊ नका.

कंपनी_व्हॉल्व्ह

हवेबद्दल मी लिहितो. काकांचं म्हणणं नेमकं उलटं आहे, आणि हा गैरसमज विदर्भात प्रत्येक पंक्चरच्या दुकानात ऐकू येतो.

टायर फुटतो तो हवा जास्त झाली म्हणून क्वचितच. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्या दुमडण्यानं रबर आतून तापतं आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात. त्यात सहा माणसं, डिकी भरलेली, ताशी 120 चा वेग आणि 44 अंशांचं ऊन. तासाभरानं एक पट्टा सुटतो आणि धडाम होतं. मग लोक म्हणतात, 'काँक्रीटनं टायर खाल्ला'. काँक्रीट घासतं, आवाज करतं, पण चांगला टायर ते फोडत नाही.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर दोन आकडे असतात, कमी माणसांचा आणि पूर्ण भाराचा. तुम्हाला पूर्ण भाराचा आकडा घ्यायचा आहे. बहुतेक गाड्यांत तो पुढच्यापेक्षा मागच्या चाकांना जास्त असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा म्हणजे कमाल मर्यादा. तो भरायचा नसतो.

हे आकडे थंड टायरचे आहेत. थंड म्हणजे गाडी तीन-चार तास सावलीत उभी, किंवा फार तर दोन-तीन किमी चाललेली. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब अंदाजे 1 पीएसआय (म्हणजे एक पॉइंट) वाढतो. म्हणजे पहाटे 33 भरलेला टायर जालन्याला 38 दाखवेल. ते बरोबर आहे, स्टिकरवरच्या आकड्यात ही वाढ गृहीत धरलेली असते. गरम टायरमधून हवा सोडायची नाही. सोडलीत तर थंड झाल्यावर तो 28 वर येतो आणि पुन्हा तेच दुष्टचक्र.

आता अडचण अशी की मेमध्ये संध्याकाळी पंपावर गेलात तर टायर थंड नसतोच. दोन उपाय. एक, 12 व्होल्टवर चालणारा छोटा पंप घ्या आणि निघण्याच्या दिवशी पहाटे घरीच भरा. दुसरा, आदल्या संध्याकाळी पंपावर स्टिकरपेक्षा चार-पाच पॉइंट जास्त भरा आणि पहाटे स्वतःच्या मोजणीनं बरोबर आकड्यावर आणा. मोजणी मात्र स्वतःची हवी, कारण पंपावरचे काटे दोन-तीन पॉइंट इकडेतिकडे असतात. नायट्रोजन भरला तर बिघडत नाही, पण त्यानं टायर वाचतो वगैरे मनातून काढा. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

आणि तुमचा खरा प्रश्न हवेचा नाहीच. टायर 2019 चे आहेत. नक्षी शिल्लक असणं आणि रबर जिवंत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी चाललेली, उन्हात उभी राहिलेली गाडी असेल तर रबर बसल्या जागी वाळतं. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का शोधा, लंबगोलात असतो. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. तो टायरच्या एकाच बाजूला असतो, बाहेर दिसला नाही तर आतून बघा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासायचा आणि सहाव्यानंतर एवढ्या भाराला, एवढ्या उन्हात, या रस्त्यावर न्यायचा नाही. बाजूवर बारीक भेगा दिसत असतील तर चर्चाच नको. चारही बदला. बजेट नसेल तर निदान दोन नवे घ्या आणि ते मागे लावा. मागचा टायर फुटला तर गाडी फिरते आणि ती सावरणं पुढच्यापेक्षा अवघड.

नवे टायर निघायच्या आदल्या दिवशी घालू नका. आठ-दहा दिवस आधी घाला, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करा, शे-दीडशे किमी फिरवा आणि मग नट पुन्हा आवळून घ्या. सर्व्हिसिंगलाही हाच नियम. गॅरेजमधून आलेल्या गाडीत काही ढिलं राहिलं असेल तर ते गावात कळावं, मेहकरच्या पुढे नको.

१२०_वर_स्थिर

एवढं घाबरवायला नको. रस्ता 120 साठीच बांधलाय. 120 ला क्रूझ लावायचा आणि चार-साडेचार तासांत शिर्डी. सकाळी 7 ला निघालं तरी चालतं.

कंपनी_व्हॉल्व्ह

@१२०_वर_स्थिर, सपाट भागात मोटारीला 120 ची मुभा आहे, हे खरं. पण 520 किमीला ताशी 120 नं 4 तास 20 मिनिटं आणि 100 नं 5 तास 12 मिनिटं, म्हणजे फरक 52 मिनिटांचा. एका थांब्यात आई जिना उतरून-चढून येईपर्यंत त्यातली निम्मी जातात. हवेचा अडसर वेगाच्या वर्गानं वाढतो, 100 वरून 120 ला तो 1.44 पट होतो. म्हणजे पेट्रोल जास्त, इंजिन जास्त तापणार, टायरही. भरलेल्या उंच गाडीला बाजूचा वारा लागतो तो वेगळाच. आणि सातला निघालात तर शेवटचे शंभर किमी दुपारी एकनंतर पडतात. एकट्यानं, रिकाम्या सेडानमध्ये जायचं असेल तर तुमचं तुम्ही बघा. इथे एक 4 वर्षांचा आणि एक 71 वर्षांचे आहेत.

ओपीडी_नंतर

बाबांबद्दल.

इन्सुलिन डॅशबोर्डच्या कप्प्यात किंवा डिकीत अजिबात नको. बंद गाडी उन्हात अर्धा तास उभी राहिली तरी आत साठच्या आसपास तापमान जाऊ शकतं. चालू असलेलं पेन साधारण 25-30 अंशांखाली राहिलं पाहिजे. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये तळाला बर्फाचा गोठवलेला पाउच, त्यावर दुमडलेला नॅपकिन, वर पेन. बर्फाला थेट टेकवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. थांब्यावर उतरताना ही पिशवी माणसाबरोबर उतरते, गाडीत राहत नाही. दोन पेन असतील तर दोन वेगळ्या पिशव्यांत.

साखर. वरचं वेळापत्रक चांगलं आहे, पण मधुमेह्यासाठी साडेआठचा नाश्ता उशिरा होतो, कारण माणूस साडेतीनला उठलेला असतो. पावणेसातच्या थांब्यालाच त्यांना एक दशमी किंवा पोळी-भाजीचा गुंडाळा द्या. सकाळचं इन्सुलिन नेहमीच्या वेळेला की खाण्याच्या वेळेला, हे त्यांच्या डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारून कागदावर लिहून घ्या. गाडीत ठरवायची गोष्ट नाही ती. ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडर हाताशी, सामानाखाली नव्हे.

बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का बघा. असेल तर पहाटे घेतल्यावर पुढचे तीन-चार तास दर पाऊण तासाला थांबावं लागतं, आणि समृद्धीवर दर पाऊण तासाला थांबायला जागा नाही. म्हणून बरेच ज्येष्ठ पाणीच पीत नाहीत, आणि मेमध्ये तेच सगळ्यात वाईट. गोळी मुक्कामावर पोचल्यावर घेतली तर चालेल का, हेही त्याच भेटीत विचारा. स्वतःच्या मनानं बंद करू नका.

ओआरएस म्हणजे सरबत नव्हे. बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी ते दिवसभर पाण्यासारखं पिऊ नये. साधं पाणी, पातळ ताक. उलटी-जुलाब झाले तर ओआरएस. पाकीट 1 लिटरचं असेल तर पूर्ण लिटरभर पाण्यातच घालायचं, पेल्यात थोडं थोडं नाही. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलंय आणि घाम थांबलाय असं दिसलं तर तो उष्माघात समजा. एसी पूर्ण, कपडे सैल, मान-काखा-जांघेत ओली फडकी, अंगावर पाणी मारून वारा. शुद्ध नीट नसेल तर तोंडातून काही पाजू नका. 108 ला फोन आणि पुढचं निर्गमन पकडून सरकारी रुग्णालय.

मुलांना उलटीची गोळी पहिल्या दिवशी सहसा लागत नाही, रस्ता सरळ आहे. तुमचा त्रास दुसऱ्या दिवशी माणगावच्या पुढे. त्या गोळ्यांनी गुंगी येते, दोन वर्षांखाली तर देतच नाहीत. मुलाला द्यायची तर वजनावरून डॉक्टर सांगतील तेवढीच. चालवणाऱ्यानं उलटीची, सर्दीची, अॅलर्जीची कुठलीच गोळी आदल्या रात्रीपासून घेऊ नये.

डबा_भरलाय

खाण्याचं सोपं आहे, पाणी आणि नारळ लागलेला पदार्थ न्यायचा नाही. ओली चटणी, दहीभात, मऊ बटाट्याची भाजी हे सगळं 44 अंशांत दहा वाजेपर्यंत आंबतं. दुधात भिजवलेल्या दशम्या (पाण्याचा थेंब नको), तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, गूळपापडी, भाजलेले फुटाणे, काकडी अख्खी न्यायची आणि तिथेच कापायची. धपाटे न्यायचे तर त्यात कांदा घालू नका, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरले की वाफेचं पाणी सुटतं आणि तिथूनच खराब व्हायला सुरुवात.

पन्हं पाणी घालून नेऊ नका. उकडलेल्या कैरीचा गर गूळ-वेलदोडा-मीठ घालून घट्ट करून फ्रीजमध्ये ठेवा, पहाटे छोट्या बाटलीत भरा आणि लागेल तेव्हा दोन चमचे गार पाण्यात. ताक थर्मासमध्ये चार तास टिकतं, फोडणी घालू नका.

पाणी माणशी निदान तीन लिटर, म्हणजे 18 लिटर. अर्ध्या बाटल्या आदल्या रात्री पाऊण भरून गोठवा. पूर्ण भरल्या तर फुटतात.

निघताना पोटभर पोहे नकोत. चहा-बिस्किट पुरे. झोप पोटातूनच येते.

कूलरची_टाकी

धन्यवाद सगळ्यांना. टायरचा शिक्का आत्ता बघून आलो. 0819. बाजूला बारीक भेगाही आहेत, इतके दिवस धूळ समजत होतो. चारही बदलतोय.

बसायचं कसं? आईला मागे चढता येत नाही, मुलगा कार सीटमध्ये बसतो, आणि तिसरी रांग उघडली की डिकीत दोन बॅगांच्या वर काही मावत नाही. छतावर कॅरिअर लावावा का? आणि शिर्डीत एप्रिल-मे गर्दी असते म्हणतात.

घाटमाथा

कॅरिअर नको. उंचावर वजन, वर वाऱ्याचा अडसर, आणि ताडपत्रीची दोरी सुटली की ती मागच्या गाडीच्या काचेवर. बऱ्याच गाड्यांत छतावरची मर्यादा 50 किलोच्या आसपास असते आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं.

तिसरी रांग अर्धी-अर्धी दुमडते का बघा. दुमडत असेल तर डावा भाग पाडून सामान, उजव्या भागात एक मोठं माणूस, आळीपाळीनं तुम्हा दोघांपैकी जो चालवत नसेल तो. बाबा पुढे, सीट मागे सरकवून. मधल्या रांगेत डावीकडे आई, म्हणजे फूटपाथच्या बाजूनं उतरता येईल, उजवीकडे मुलाची कार सीट आयसोफिक्सला (सीटमधल्या पक्क्या कड्यांना), मध्ये मुलगी. तिला पुढे बसवू नका, तिचा हट्ट असला तरी. बेल्ट मागच्यांनाही सक्तीचा आहे, आणि 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा कार सीट नसेल तर 1,000 रुपये दंड. दंड जाऊ द्या, मांडीवर घेतलेलं 15 किलोचं मूल 100 च्या वेगात धरून ठेवणं कोणालाच शक्य नाही.

जड बॅगा तळाला आणि सीटच्या पाठीला चिकटून, हलक्या वर, आणि सीटच्या पाठीच्या उंचीवर काहीही नाही. जाळी लावा. सात सीटच्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी खाली पोटाला टांगलेली असते आणि ती उतरवायचं भोक डिकीच्या तळात असतं. म्हणजे पंक्चर झालं की आधी सगळं सामान रस्त्यावर. ते भोक मोकळं राहील असं भरा, आणि जॅक-पाना-त्रिकोण वेगळ्या पिशवीत पायाशी. निघण्याआधी घरी एकदा स्टेपनी प्रत्यक्ष उतरवून बघा. इतकी वर्षं न हललेली साखळी गंजून अडकलेली असते. स्टेपनीही 2019 चीच आहे हे विसरू नका.

पहिल्या रात्रीला लागणारं सगळं एकाच छोट्या बॅगेत, सर्वांत वर. बाकीच्या बॅगा शिर्डीत उघडायच्याच नाहीत.

फास्टॅग: समृद्धीवर टोल अंतरावर आहे, उतरताना कापतो. एप्रिल 2025 च्या दरानं मोटारीला किलोमीटरला 2 रुपये 6 पैसे पडतात, 701 किमीचे 1,445 च्या आसपास. दर बदलतात, म्हणून खात्यात 2,500 तरी ठेवा, आणि रिचार्ज आदल्या दिवशी करा, नाक्यासमोर उभं राहून नाही. ऑगस्ट 2025 मध्ये 3,000 रुपयांत जो वार्षिक पास निघाला तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. समृद्धी राज्याचा रस्ता, तिथे तो चालत नाही. अंतरावर टोल असल्याचा एक फायदा आहे: जालन्याला उतरून पेट्रोल, जेवण, औषधं उरकून परत चढलात तरी जास्तीचा मोठा भुर्दंड नाही. महामार्गावरच्या सोयींवर भिस्त ठेवण्यापेक्षा हे बरं. आईसाठी स्वच्छ आणि कमोडचं स्वच्छतागृह हवं असेल तर शहराजवळच्या मोठ्या पंपावर किंवा हॉटेलात शोधा. टाकी पाव भागाच्या खाली उतरू देऊ नका. भरलेल्या गाडीला लिटरला 14-15 धरलं तर जालन्यापर्यंत 24-26 लिटर गेलेलं असतं, तिथेच पूर्ण भरायचं.

शिर्डीत शनिवार, रविवार आणि गुरुवार टाळा. पर्याय हवा असेल तर संभाजीनगर. अकराच्या सुमारास पोचाल, सहा माणसांच्या कुटुंबाला शहरात खोल्या सहज मिळतात, आणि बाबांसाठी मोठं रुग्णालय जवळ. तोटा असा की दुसरा दिवस पावणेपाचशेच्या घरात जातो, शिर्डीहून तो चारशेच्या आसपास आहे. दुसऱ्या दिवशी कोकणातले शेवटचे दीडशे किमी समृद्धीसारखे पळत नाहीत, इंदापूर-माणगावच्या बाजारपेठेत तासभर सहज जातो. तुमच्या जागी मी शिर्डी किंवा सिन्नरच घेईन.

कंपनी_व्हॉल्व्ह

@कूलरची_टाकी, 0819 चे म्हणजे सहा वर्षांच्या पुढे गेलेत की. बरं झालं बघितलंत.

वाटेत टायर गेलाच तर: स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ. ब्रेक मारायचा नाही. अॅक्सिलरेटर झटक्यानं नाही, हळू सोडायचा. गाडी आपोआप 50-60 च्या खाली आली की डावीकडे शोल्डरवर, जेवढं कडेला जाता येईल तेवढं. चाकाच्या रिमची पर्वा करू नका, रिम भरून मिळते. चारही इंडिकेटर. सगळे डाव्या दारानं बाहेर, कठड्याच्या पलीकडे, आणि गाडीच्या मागच्या दिशेला थोडं चालत जाऊन उभे राहा, म्हणजे कोणी गाडीला धडकलं तर ती तुमच्या अंगावर येणार नाही. उन्हामुळे आई-बाबांना गाडीत बसवून ठेवायचा मोह होतो. छत्र्या त्यासाठीच न्यायच्या. त्रिकोण शंभर पावलं मागे, 50 मीटर इथे पुरत नाही.

डावं चाक असेल तर बदला: आधी नट अर्धा फेरा सैल, मग जॅक, मग नट काढायचे. आवळताना समोरासमोरचे आलटून-पालटून, जॅक उतरवल्यावर शेवटचा जोर. उजवं चाक असेल तर हात लावू नका, तुमची पाठ धावत्या गाड्यांकडे येते. मदत बोलवा, कितीही वेळ लागो. स्टेपनी बाकीच्यांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुतेक 80. तिनं शिर्डी नाही, जवळचं शहर गाठायचं.

कूलंटच्या टाकीत पातळी थंड इंजिनला दोन खुणांमध्ये हवी. उन्हाळ्याआधी कोणी नुसतं पाणी ओतलं असेल तर बदलून कूलंट-पाण्याचं अर्धं-अर्धं मिश्रण भरून घ्या. काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण, वेग कमी आणि कडेला. हीटर लावल्यावर आतली माणसं ओरडतील, ओरडू द्या. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडायचं नाही.

काचेवर खडा लागून टिकली पडली असेल तर आताच भरून घ्या. उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडला की ती टिकली फुटभर पळते. गाडी उन्हातून काढताना आधी चारही दारं मिनिटभर उघडी, मग एसी, झोत पायाकडे.

कूलरची_टाकी

मंगळवारी पहाटे निघतोय, गर्दी टाळायला. शिर्डीच पक्की. मुलगी म्हणते वाटेत वेरूळ बघू.

घाटमाथा

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, अजिंठा सोमवारी. परतीच्या वाटेवर ठेवा. आणि मंगळवार म्हटलं तर सोमवारी संध्याकाळी सातपर्यंत सामान गाडीत, साडेआठला चालवणारा झोपलेला पाहिजे. उरलेली आवराआवर दुसरा करेल.